अर्धा वाटा

नॉक्सव्हिलच्या लाँड्रोमॅटमध्ये
कपडे फिरतायत, व्हर्लीन फोनवर फॉर्म भरते.
गाणं कुणाचं? तिचं.
गायलंय कुणी? तेही तिनंच,
पण गायल्याचे पैसे एका खिडकीतून येतात म्हणे,
रचल्याचे दुसऱ्या.
ही दुसरी तिला चार वर्षं ठाऊकच नव्हती.

शोधलं तर गाणं सापडलं, बेवारस.
आडनावात एक अक्षर कमी.
तेवढ्यापायी नव्वद हजार वेळा वाजून
सत्तेचाळीस डॉलर कुठेतरी पडून.

सहलेखक?
ओडेलनं एकच ओळ दिली होती,
ट्रकखाली आडवा पडून, पाना मागता मागता.
त्या ओळीवाचून गाणं उठतच नव्हतं.

ती पन्नास टक्के लिहिते.
खोडते. तीस.
ड्रायर थांबतो.
पुन्हा पन्नास.

त्याच्या मुलीचा पत्ता
कुणाला तरी विचारायला हवा.