हे तू

नाव ठेवलं तेव्हा अर्थ विचारला नव्हता.
मारेखीच्या आत्याचं नाव, तिच्याआधी आणखी कुणाचं.
पाद्र्यानं पाणी किटलीत तापवून आणलं
(देवळातलं गोठलं होतं)
आणि मुलगी तामार झाली.
आमच्या कोबी गावात निम्म्या बायका तामार.
एक हाक मारली की तीन दारं उघडतात.

मी घाटात बर्फ सारतो, नोव्हेंबर ते एप्रिल.
पुढे पांढरं, मागे पांढरं,
मधे माझ्या यंत्रानं ओढलेली काळी रेघ.
मला एवढंच लिहिता येतं.

पोर अकरा वर्षांची होती त्या फेब्रुवारीत
हिमकडा सुटला, दीडशे ट्रक अडकले.
त्यातला एक बमचा यादोल्ला.
पायात उन्हाळी बूट.
घरी आणला. चार रात्री राहिला.
माझी रशियन मोडकी, त्याची माझ्याहून.

तिनं चहा ठेवला. त्यानं नाव विचारलं.
तिनं सांगितलं.
तो तसाच उठला, गुडघाभर बर्फातून ट्रककडे गेला,
पुठ्ठ्याचा खोका घेऊन आला.
आधी तिच्याकडे बोट केलं, मग खोक्यात :
"हे तू."

खोक्यात काळसर, चिकट, सुरकुतलेलं काही.
"खुर्मा," तो म्हणाला.
आम्ही हसलो. आमच्याकडे खुर्मा म्हणजे
नारिंगी फळ, कच्चं खाल्लं तर जीभ आखडते.
तो वैतागला. हात वर करून मधोमध उभा राहिला,
बोटं फाकवली, झाड झाला.
खजूर!
जुन्या यहुद्यांच्या भाषेत तामार, अरबांच्या तोंडी तमर.
आणि मुळाशी, म्हणे, ताठ उभं राहणं.
अरबांनी तर लांब हिंदुस्थानातल्या एका आंबट शेंगेलाही
हेच नाव दिलं, हिंदचा तमर.
तिकडचे लोक तिला काय म्हणतात, त्याला ठाऊक नव्हतं.

तीन हजार वर्षं वाळूतून चालत
हे नाव इथे का आलं असेल?
इथे जव धड पिकत नाही.

मग मी पाद्र्याला गाठलं. तो घुटमळला.
जुन्या ग्रंथात या नावाच्या दोघी ठळक.
एक तोंड झाकून रस्त्याकडेला बसली,
सासऱ्यानं नाकारलेला हक्क त्याच्याकडूनच मिळवला.
दुसरीनं रंगीत झगा फाडला, डोक्यात राख घातली.
रागानं नव्हे, खरोखरची राख.
तिच्यासाठी बाप रागावला फक्त. उठला नाही.
"बाप राजा होता," पाद्री म्हणाला, जणू त्यानं काही फरक पडतो.
एकीला लोकांनी नावं ठेवली,
दुसरीला गप्प बस म्हणाले.
हे किटली तापवताना सांगायचं होतं ना, बाबा.

त्या रात्री झोप नाही.
यादोल्ला चुलीपाशी बसून सांगत होता, अर्धं हातांनी :
दरवर्षी खालच्या झावळ्या करवतीनं कापतात.
खोडावर खुंट राहतात.
त्यांच्यावर पाय देत माणूस शेंड्यापर्यंत जातो.
भूकंपात त्याची गल्ली गेली, आई गेली.
बाग उभी होती. त्याला तेव्हा तिचा राग आला होता.

रस्ता मीच मोकळा केला. तो गेला.
खोका रिकामा झाला, एक बी पोरीनं ठेवली,
ओल्या फडक्यात, चुलीच्या वरच्या फळीवर.
मारेखी म्हणाली, उंदीर नेतील.
नव्वद दिवसांनी एक पातं आलं.
फक्त एक. मी म्हटलं, कांदा आहे.

आता तो कांदा लोणच्याच्या डब्यात आहे, खिडकीत,
चार पाती, हातभर उंच.
फळ येणार नाही, हे तिला माहीत आहे.
झाड उजेडाकडे कलतं,
म्हणून रोज सकाळी, चहा उकळायला ठेवून,
ती डबा पाव फेरा फिरवते.

मी बूट चढवतो. बाहेर पुन्हा पांढरं.
ती मान तिरकी करून, एक डोळा मिटून बघते,
सरळ आहे का.