सर्वजण

डिचोलीच्या बसस्टँडमागे, पहिल्या मजल्यावर,
'हरमलकर सर्वेअर' अशी पाटी.
खाली झेरॉक्स, त्याला लागून भज्यांची कढई;
जिन्यात दोन्हींचा मिळून एक वास.
मी अस्नोड्याहून स्कूटरने येतो. सुगंधा म्हणते,
"परवा नवी विंडोज घातली,
तेव्हापासून काकांचं कपाट उघडत नाही."
कपाट म्हणजे डी ड्राइव्ह. तिच्याकडे हे असंच चालतं.

मी आधी झाकण काढतो.
पंख्यात तांबडी धूळ,
खाणी थंडावून इतकी वर्षं झाली तरी.
ब्रशने झटकतो. धुळीचा यात काही दोष नाही,
पण गिऱ्हाइकाला काहीतरी झटकलेलं बघायला आवडतं.

मग फोल्डरवर उजवी टिचकी. गुणधर्म. सुरक्षा.
मालकाच्या जागी नाव नाही,
हातभर लांबीचा एक आकडा.
जुन्या यंत्रणेत हा आकडा म्हणजे बाबलोकाका.
यंत्रणा बदलली, आकडा उरला,
आकड्यामागचा माणूस नव्या वहीत चढलाच नाही.
"म्हणजे?"
म्हणजे तू मुंडकार.
घरात राहतेस, दिवा लावतेस, अंगण सारवतेस,
पण एक-चौदाच्या उताऱ्यावर दुसराच कोणी.
ती हसते. असली प्रकरणं तिने
टेपचं टोक धरून उन्हात मोजली आहेत.

मालकी तिच्या नावावर करतो. खाली एक चौकोन:
आतल्या सगळ्याला वारशाने लागू करा.
"एवढंच?" ती म्हणते.
"आमच्याकडे वारसा म्हणजे
लिस्बनच्या आतेबहिणीची सही, तिच्या नवऱ्याची सही,
शिवाय ज्याच्याशी कुणी बोलत नाही त्याची."
इथे एवढंच. हिरवी पट्टी सरकू लागते:
मये, पिळगाव, लाटंबार्से, नार्वे,
गावांच्या हद्दी एकेक करून तिच्याकडे येतात.
चहाही येतो. बशीत सांडलेला
ती परत कपात ओतते.

अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर अडतं.
एक फोल्डर. नाव: घर.
प्रवेश नाकारला.
पुन्हा मालकी देतो, पूर्ण ताबा देतो,
बंद करून चालू करतो, जे आम्ही सगळेच करतो
आणि कबूल करत नाही.
नाकारला.

शेवटी यादी नीट वाचतो, आधीच वाचायला हवी होती.
सगळ्यांच्या वर एक ओळ:
सर्वजण, नकार.
खाली शंभर होकार रचा, वरचा एक नकार पुरतो.
हा काही नव्या विंडोजचा उपद्व्याप नव्हे.
कुणीतरी हाताने घातलेला आहे, फार आधी.
आणि सर्वजण म्हणजे सर्वजण.
घालणारासुद्धा त्यात मोजला जातो.
काकांना हे ठाऊक नसावं.
किंवा असावं.

"काढू?"
ती कप ठेवते. "काढ."

आत एकच नकाशा.
काकांचं आणि तिच्या बाबांचं मिळून असलेलं घर.
माड मोजलेले, बाव, गोठा,
न्हाणीचं पाणी जातं तो व्हाळ,
प्रत्येक कोपऱ्याचं माप सेंटिमीटरपर्यंत.
मधली रेघ तेवढी मारलेली नाही.
सुगंधा तारीख बघते, बोटांवर काहीतरी मोजते
आणि मला सांगत नाही.

"वाचता येईल पण बदलता येणार नाही,
असं करता येतं?"
येतं. करतो.
पाचशे रुपये, वर पेट्रोलचे पन्नास.

जिन्यात निम्म्यावर आठवतं:
यादीत अजून मी आहे,
दुरुस्तीपुरता घातलेला, पूर्ण ताब्यासकट.
परत वर जातो. चपला पुन्हा काढतो.
माझ्या नावावर येऊन 'काढून टाका' दाबतो.
यंत्र विचारतं, नक्की?
खाली भज्यांचा दुसरा घाणा पडलेला असतो.