पात्याला पाणी

बावीस महिने.
काउंटीने आगबंदीचा फलक पुन्हा लाल केलाय,
म्हणून भट्टी मी रात्री पेटवते, वारा पडल्यावर,
दार लावून, उंबऱ्याशी ओलं पोतं टाकून.
ओलं म्हणजे काय, भांडी घासल्याचं पाणी.

पोलाद मी विकत घेत नाही.
गवत ओढायच्या दंताळ्याचे दात,
बावन्न सालच्या फोर्डचे पाटे,
खुरं घासून घासून बोथटलेली कानस.
या सपाटीवर जे मोडतं
ते माझ्या दारात येऊन पडतं,
आणि यंदा मोडण्याला तोटा नाही.

लाल होता होता पोलाद
लोहचुंबकाची ओळख विसरतं.
तेवढ्या एका श्वासात
बाहेर काढायचं नि बुडवायचं
ट्रॅक्टरच्या जुन्या तेलात.
तेल गुरगुरतं, काळं ओकतं, पण समजूतदार असतं.
कानशीचं पोलाद तसं नाही.
त्याला पाणीच पाजावं लागतं.

खाटीकखान्यातल्या रेनाला सुरी हवी होती,
बारीक, हाडाच्या कडेने वळणारी.
मी प्यायच्या बरणीतलं पाणी बादलीत ओतलं,
मीठ टाकलं चिमूट, बापाच्या सवयीने,
आणि बुडवलं.
टिंग.
एवढासा आवाज.
पात्याच्या पोटात केसाएवढी चीर.

अख्खी बरणी एका चिरेपायी गेली.
बादलीत राखाडी खपल्या तरंगत होत्या.
ओतवेना.
फडक्यातून गाळलं, घोडीपुढे ठेवलं.
तिने हुंगलं,
माझ्याकडे पाहिलं बराच वेळ,
आणि प्यायली.

ऑरिन फाल्कने गेल्या वर्षभर
निवडुंगाचे काटे गॅसच्या ज्वाळेने जाळून
गाईंना चारले.
मंगळवारी शेवटच्या एकोणीस
ॲमरिलोच्या लिलावात उभ्या केल्या.
बुधवारी माझ्याकडे आला,
गाडीच्या मागे पवनचक्कीचा सळा,
विहिरीतून तुकड्या-तुकड्याने उपसलेला.
म्हणाला, याच्या टाचेच्या आऱ्या कर.
लहान मापाच्या.

कुणाच्या?
नातवाच्या. चार वर्षांचा आहे.

घोडं विकलंस ना तू?
त्याने टोपी काढली, आत बघितलं,
जणू उत्तर तिथे लिहून ठेवलं होतं.
पाय तर वाढतीलच, म्हणाला.

सळ्यावर पांढरा क्षार होता,
जिथवर पाणी होतं तिथवर.
एक रेघ कमरेएवढी वर, मग एक खाली,
मग आणखी खाली,
शेवटची अगदी टोकाशी,
बोटाने पुसता येईल अशी.
इतकी नेमकी वही
बँकेनेही ठेवली नसेल त्याची.

भट्टीत क्षार पहिल्याच घावाला उडाला.
पट्टी वाकवली, टाचेच्या गोलाईवर बसवली,
जुन्या चांदीच्या डॉलरची चक्री कापली,
सोळा दाते, बोथटच ठेवले,
आणि आतल्या बाजूला, जिथे बुटाचं कातडं टेकेल,
छिन्नीने एक आडवी रेघ मारली.
कुणाला दिसायची नाही.
ऑरिनलाही सांगितलं नाही.

तेलातच पाजल्या त्या.
पाण्याचा सळा, आणि तेलातच.

पैसे नव्हते त्याच्याकडे.
गोठवलेलं मांस दिलं, कागदात गुंडाळून,
कागदावर गाईचा नंबर पेन्सिलने.
मी नंबर वाचला नाही.
खोटं कशाला, वाचला.
दोनशे अकरा. ती कुंपण ओलांडून
माझ्या दारातली कोरडी डोणी चाटायला यायची.

आज वारा पडायचं नाव घेत नाही,
म्हणजे भट्टी नाही.
रेनाच्या सुरीसाठी दुसरी कानस शोधून ठेवलीय,
बरणी अजून भरायची आहे.
ओसरीवर बसलेय.
पलीकडे फाल्कच्या रानात
सळा नसलेली पवनचक्की
पूर्वीपेक्षा जोरात फिरतेय.
काहीच उचलायचं नाही आता तिला.