क्रियापदांचा गुरुवार

हडर्सफील्डच्या लायब्ररीत, वरच्या मजल्यावर,
गुरुवारी साडेसहाला आमचा वर्ग.
हीटर आधी खडखडतो, मग बऱ्याच वेळाने गरम होतो.
मिसेस ॲकरॉइड कोट न काढताच फळ्यावर लिहितात: टीच,
आणि त्याला ईआरचं शेपूट लावतात.
"शेपूट लागलं, की झाला माणूस."

बेकचा बेकर. पेंटचा पेंटर.
मला वाटलं, हा तर आपला 'णारा'च,
म्हणून हात वर केला: कुकचा कुकर.
बाई हसल्या. रांधतो तो नुसताच कुक,
कुकर म्हणजे शेगडी.
मिरजेच्या मेसमध्ये बावीस वर्षं
मी शिट्ट्या मोजत डाळ लावली.
मला शेपूटच नाही म्हणे.

वहीच्या समासात मग मी आमची मांडून पाहिली.
लाटणं. उलथणं. पुसणं.
लाटणं हे काम, आणि लाटणं हे लाकूडही,
खिळ्याला टांगून ठेवण्यासारखं.
हाताचं नाव कुठेच नाही.

तोवर फळ्यावर एम्प्लॉयर, एम्प्लॉयी.
दोन ई लागले की करणारा नाही,
ज्याचं काही केलं जातं तो.
बोझेना म्हणाली, आमच्या सँडविचच्या पट्ट्यावर
तीनशे जण दोन ईंचे,
ईआर एकच, आणि तो लीड्सला राहतो.

शिरवान कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलला.
वेट, वेटर.
दोन वर्षं, चार महिने, होम ऑफिसच्या एका कागदासाठी.
"आय ॲम वेटर."
मिसेस ॲकरॉइडनी मार्करचं टोपण लावलं,
काढलं, परत लावलं.
वेटर म्हणजे जो ताटं आणतो, त्या म्हणाल्या.
"मग माझ्यासारख्याला?"
असेल, शब्द असायला हवा,
पुढच्या गुरुवारी सांगते.

खाली थांब्यावरची पाटी चार मिनिटं म्हणाली,
मग अकरा.
शिरवान फूटपाथच्या अगदी कडेला,
मान लांब करून चढाकडे बघत.
मी त्याला आमचं क्रियापद सांगायला गेले.
इंग्रजीत ते जुळून येईना,
लुक, म्हटलं, रोड,
एवढंच निघालं तोंडातून.
"येस," तो म्हणाला, "रोड."
आणि आम्ही दोघंही तिकडे बघत राहिलो.