ये ना

तिमारूत उतरले तेव्हा जुलै होता
आणि थंडीनं दात वाजत होते.
कॅलेंडरसुद्धा इथं उलटं टांगलेलं.
बॅगेत अकरा वर्षांचं माती-परीक्षण,
तीन सह्यांचं, गोल शिक्क्याचं,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत.

पहिलं दुकान बी-बियाण्यांचं.
काउंटरमागे नेव्हिल, स्वेटरला कोपरावर ठिगळ.
त्यानं सगळे कागद वाचले, अगदी शिक्क्यापर्यंत,
मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला,
"ये... ना."

मी दुसऱ्या दिवशी गेले.
बोलावलं होतं की त्यानं!
इतक्या आर्जवानं तर माहेरीही
कुणी म्हटलं नव्हतं कित्येक वर्षांत.

तो गोंधळला. पुन्हा तेच म्हणाला.
तिसऱ्या दिवशी मी केस धुऊन गेले.
तेव्हा त्यानं मला स्टुलावर बसवलं, चहा दिला,
आणि एकेक शब्द सुटा करत सांगितलं
की 'ये' म्हणजे हो, तुमचं म्हणणं कळलं,
आणि 'ना' म्हणजे ना.
दोन्ही एका दमात म्हणायची इथं रीत आहे.
नकाराला उघड्या अंगानं बाहेर पाठवत नाहीत,
काहीतरी पांघरूण देतात.

हसता हसता चहा नाकात गेला.
रडले ते नंतर, लायब्ररीच्या मागे.
एक सीगल बघत उभा होता,
त्याला वाटलं माझ्याकडे चिप्स आहेत.

त्यानंतर सत्तावीस ये-ना.
एकीनं दोन रेफरी मागितले;
मला फक्त कबड्डीतला माहीत, शिट्टीवाला.
इथला अनुभव हवा, म्हणाले.
तो मिळायला काम हवं, आणि काम मिळायला तो.
हे मात्र मला लगेच कळलं:
वेड गेल्याशिवाय लग्न नाही
आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही.

शेवटी बटाट्यांनी ठेवून घेतलं.
रात्रपाळी. पट्टा डावीकडून येतो,
हिरवा, कुजका, चिरलेला बाहेर काढायचा.
लोसा, सामोआची, माझी सुपरवायझर,
तिनं पहिल्या रात्री काम शिकवलंच नाही,
उभं राहायला शिकवलं:
गुडघे सैल, भार कधी या पायावर, कधी त्या,
आणि मोजे दोन-दोन. वरचे तिचेच, लोकरी,
तिच्या मुलाच्या रग्बी संघाचे.
तीन वाजता तिनं डबा उघडला,
अळूचे कांदे, नारळाच्या दुधात.
या देशात आल्यापासून पहिल्यांदा
काहीतरी न विचारता ओळखलं मी.

बटाट्याला चिकटलेली माती
मी अजूनही बोटांत चुरून बघते.
पोयटा. सामू सहाच्या जरा खाली असावा.
कुणी विचारलेलं नाही.
एकदा लोसाला सांगितलं, ती म्हणाली, "पट्टा बघ."

घरमालकीण मॉरीन विचारते, रुळलीस का आता?
काय सांगू? गाडीच्या परीक्षेत एकदा नापास झालेय,
वाण्याकडे उधारी नाही, कारण वाणीच नाही.
पण आंघोळीचा नळ हल्ली
न बघता बरोबर त्या बाजूला फिरवते.

काल कुंदाताईचा फोन आला.
तिकडे दुपारचा चहा, इथं मी पाळीला निघालेली.
म्हणाली, "मग? परत यायचं मनात आहे की नाही?"
आणि बुटाची नाडी बांधता बांधता
माझ्या तोंडून गेलं,
"ये... ना."

पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग, "अगं, मी कुठली येतेय?
माझा तर पासपोर्टही नाही."
आणि लगेच, जरा खालच्या आवाजात,
"थंडी फार असते का गं तिकडे?"