हातभर फांदी

पारवाडची गाडी मला फाट्यावर सोडून गेली
तेव्हा ऊन चोर्ल्याकडे कललेलं.
सुगीचे दिवस. खळ्याखळ्यावर भात,
मष्णू गावड्याच्या सदऱ्याला पेंढ्याचा वास.
"आधी कोरा चहा घे," म्हणाला, "ती काय पळून जाऊलाईत?"
पळून जाणारीच होती ती.
म्हणून तर आलो होतो.

ओढ्याच्या घळीत, वारा पोचत नाही तिथे,
वाळक्या वेलींचा गुंता लोंबत होता.
मला दिसली ती पानंच: करडी, मिटलेली, निबर,
कार्तिकात कुठल्याही रानात असतात तशी.
मष्णूने नुसतं बोट वर केलं.
एका पानाने पाय हलवला.

मग सगळा गुंताच पायांचा झाला.

उशिरा आलेली अजून घिरट्या घालत होती.
एखादं टेकायला यायचं, आणि आधीची
फटकन पंख उघडून दाखवायची
काळ्यावरचे निळे ठिपके,
क्षणभर, आणि मिटून घ्यायची.
भांडण नव्हे ते. एस्टीत बसलेला माणूस
उभ्या माणसाकडे बघतो, तेवढंच.

भाची धारवाडला शिकते. तिने वही दिली होती.
मामा, सगळी मोजायची नाहीत.
हातभर फांदी धरा, तेवढीच मोजा,
मग हात किती भरतात ते मोजा.
मला मोजणी शिकवते!
चौतीस वर्षं मोजलं मी: गुरं, विहिरी, आंब्याची झाडं,
घरात माणसं किती आणि बोलतात कुठली भाषा.
तोराळीच्या एका म्हातारीने दोन सांगितल्या होत्या.
रकाना एकच होता.
मी पेन्सिल तोंडात धरून बराच वेळ तिच्या ओट्यावर बसलो होतो.

अंधारलं, तसा वनखात्याचा सिद्दलिंग आला,
बॅटरीच्या काचेवर पतंगाचा लाल कागद.
तो त्याच्या भाषेत पुटपुटू लागला: वंद, यरड, मूर...
मी माझ्या.
माझी झाली अडतीस, त्याची एक्केचाळीस.
परत मोजली. माझी एक्केचाळीस,
त्याची अडतीस.
मष्णू पोट धरून हसला, तोंडावर हात ठेवून,
झोपलेल्या घरात हसावं तसा.

सिद्दलिंग त्यांना चिट्टे म्हणतो.
घाटाखालून काजू न्यायला येणारा टेंपोवाला पिसोळें म्हणतो.
मष्णूच्या आईला विचारलं, तर म्हणाली,
"नाव कशाला? येतात कार्तिकात,
म्हणजे कार्तिकवाल्या."
आणि तांदूळ निवडत राहिली.

पहाटे परत गेलो. पाय दवाने भिजलेले.
त्यांच्याही पंखांवर दव,
उडायचं म्हटलं तरी उडता येऊ नये इतकं.
एक खाली पडलेली, मुंग्या लागल्या होत्या तिला.
एकीचा मागचा पंख अर्धाच,
गोकाकच्या ज्वारीवर तुटला की सौंदत्तीच्या माळावर,
कोण सांगणार?
तेवढ्या पंखावर ती इथवर आली होती.

साडेआठला ऊन घळीत उतरलं.
आधी वरची फांदी. मग मधली.
ऊन जिथे टेकेल तिथे
करडं उलगडून निळं होत गेलं,
आवाज नाही, काही नाही,
मी श्वास धरून उभा, वही काखेत,
आणि माझी हातभर फांदी,
लाल दोरा बांधून ठेवलेली,
बघता बघता नुसती फांदी राहिली.

वहीत दोन्ही आकडे लिहिलेत.
भाची रागावेल.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, "एष्ट मंदि?"
मी खिडकीतून खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपांकडे बघत होतो,
तिथे दोन-चार बसली होती अजून, देठ खरवडत.
अडतीस, म्हणालो.
मग म्हणालो, एक.
तो हसला नाही.
सुट्टे मागितले.