एक वॅट, एक मीटर

हडर्सफील्डच्या उतारावर विनफर्डचं परसदार.
हिरवळीत खड्डा, खड्ड्यात पेटी उताणी,
तोंड आभाळाकडे, कडा गवताला लागून.
हे मीच सुचवलं त्याला. भिंती मध्ये बोलतात,
आभाळ काही परत पाठवत नाही.
कपडे वाळत घालायच्या दोरीवरून मायक्रोफोन,
दोन चिमटे, एक रबरबँड,
आणि माझ्या शिवणाच्या टेपने मोजलेला एक मीटर.

पेटी लेकीच्या जुन्या कपाटाच्या फळ्यांची.
आतल्या अंगाला अजून एक स्टिकर आहे,
अर्धा खरवडलेला घोडा.
फोम चिकटवताना तेवढी जागा त्याने सोडली.

दोन पूर्णांक त्र्याऐंशी व्होल्ट. म्हणजे एक वॅट.
आकडा आला शहाण्णव.
खोक्यावर छापलं होतं नव्व्याण्णव.
"तीनच कमी," विनफर्ड म्हणाला.
डेसिबलमध्ये तीन म्हणजे निम्मं, मी म्हटलं.
तो गप्प. मग,
"म्हणजे अर्धे पैसे परत मागायला हवेत."

शंभरातले अडीच भाग आवाज.
बाकी सगळं तारेच्या वेटोळ्यात तापून जातं.
"आणि हा चांगला म्हणायचा?"
चांगलाच. घरोघरचे स्पीकर
अर्ध्या टक्क्यावर संसार करतात.

मग तो सूर, तळातून निघून चढत जाणारा,
वीसपासून वीस हजारापर्यंत.
पहिल्यांदा मध्येच लीड्सची गाडी गेली.
दुसऱ्यांदा मिसेस सायक्सनी खिडकी उघडून विचारलं,
कोणाचा दात काढताय?
तिसऱ्यांदा रेघ नीट उमटली:
खाली दमदार, मध्ये सपाट,
आणि चार हजारावर एकदम टेकाड.

भोंग्याचं इक्वलायझेशन त्याने कानाने केलं होतं,
हिवाळाभर, रात्री, एकेक खटका फिरवत.
"मला सपाट वाटतं," तो म्हणाला.

मी त्या टेकाडाकडे बघत राहिले.
हा आकार माझ्या ओळखीचा होता, उलटा.
एकतीस वर्षं मी या गावाचे कान मोजले,
बंद खोलीत, हेडफोन लावून,
ऐकू आलं की बटण दाबा.
सूतगिरणीतली माणसं सगळी एकाच ठिकाणी खचलेली,
चार हजारावर खड्डा,
जणू एकाच दगडाला अडखळून पडलेली.
विनफर्डचा आलेखही मीच काढला होता.
त्याला यंत्र दिलं, त्याने ते
स्क्रूच्या डबीत ठेवून दिलं.

जेवढा खड्डा कानात
तेवढीच माती त्याने पेटीत टाकली होती.
एक डेसिबल इकडेतिकडे.

सांगावं की नाही?
शनिवारी चॅपेलच्या हॉलमध्ये नातीचं लग्न,
ऐंशी माणसं, तान्ही बाळं,
त्यांच्या कानांत हे टेकाड सुईसारखं घुसेल.
सांगितलं. बोटाने दाखवलं.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
कागद दूर धरला, जवळ धरला.
"म्हणजे बरोबरच लागलं होतं,"
तो म्हणाला, "फक्त पत्ता चुकला."

आम्ही नऊ डेसिबल उतरवले.
रेघ निजली. पुन्हा रेकॉर्ड लावली.
मला झांजा स्वच्छ ऐकू आल्या.
तो मान हलवत होता, तालावर,
पण थोडा आधी, आठवणीतून.

मग पांढरी चिकटपट्टी आणि पेन.
बटणाशेजारी दोन खुणा:
एकीवर लिहिलं "हॉल".
दुसरीवर काय लिहावं याचा त्याने बराच विचार केला
आणि नुसता ठिपका काढला.

संध्याकाळ झाली. पेटी बाहेर काढायला
मिसेस सायक्सचा जावई आला.
उचलताना माझा हात मागच्या चुंबकाला लागला.
कोमट होता,
नुकतं कोणी उठून गेलेल्या खुर्चीसारखा.
मी हात लगेच काढला नाही.